गाडीवर थोडी मोकळी जागा ठेवा

प्रति,
चाकण, पिंपरी, चेन्नई, गुरुग्राम आणि जिथे जिथे आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांचं रूप ठरतं, तिथल्या सर्व डिझायनर ताई-दादांस,

सप्रेम नमस्कार.

‘पूर्वी गाडी लांबून ओळखू यायची, आता पुढचा लोगो वाचल्याशिवाय कळत नाही,’ ही तक्रार तुमच्या कानावर रोज येत असेल. माझ्याही येते. लग्नकार्यालयाबाहेरच्या गाड्यांच्या गर्दीत येते, पारावर येते आणि माझ्या दुकानासमोर चहाला थांबलेले ड्रायव्हर तर या विषयावर डिझेल न जाळता शंभर किलोमीटर जातात. मी ट्रकचा पेंटर आहे. सातारा-कोल्हापूर पट्ट्यात महामार्गाच्या कडेला माझं काम चालतं. फाळक्यावर मोर काढायचा, कपाळावर ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’ लिहायचं, दारावर मालकाचं नाव-गाव घालायचं, हौद्याला पट्टे मारायचे. हल्ली ब्रशपेक्षा रेडियमची कात्री जास्त चालते, पण पाटीवर अजून ‘पेंटर’च लिहिलेलं आहे. म्हणजे गाडीच्या रूपाशी तुमचा जितका संबंध तितकाच माझाही. तुम्ही ती जन्माला यायच्या आधी तिच्याकडे बघता, मी नंतर.

वरची तक्रार मला अर्धीच पटते. उरलेला अर्धा भाग जरा उलटा आहे, आणि तो तुमच्यापर्यंत कुणी पोचवत नाही असं वाटल्यानं हे पत्र.

१९८० च्या आसपास आपल्या रस्त्यावर गाड्या होत्या तरी किती तऱ्हेच्या? ॲम्बॅसिडर, फियाट, क्वचित एखादी स्टँडर्ड आणि जीप. ट्रक म्हणाल तर टाटा नाहीतर लेलँड, मध्येच एखादं बेडफर्ड किंवा फार्गो. ॲम्बॅसिडर उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली आणि तिचं रूप मूळ साच्यापासून फारसं हललंच नाही. एकसारखेपणा म्हणायचा तर तो तेव्हा होता. आज एखाद्या टोलनाक्यावर दहा मिनिटं उभं राहिलं तरी तेव्हाच्या अख्ख्या देशात नव्हती इतकी मॉडेलं समोरून जातात.

आणि ती जुनी रूपं आपली तरी कुठे होती? ॲम्बॅसिडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनणारी पद्मिनी ही इटलीची फियाट ११००. जमशेदपूरला १९५४ पासून टाटांनी ट्रक बांधले ते जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून. १९६९ मध्ये करार संपेपर्यंत ट्रकच्या नाकावर मर्सिडीजचा तारा होता. जीप अमेरिकी लष्कराच्या गरजेतून आलेली. रिक्षासुद्धा इटलीच्या पियाज्योची. ज्या चेहऱ्यांसाठी आपण आज उसासे टाकतो, त्यातला एकही आपल्याकडच्या डिझायनरनं काढलेला नव्हता. आपल्या वाट्याला सगळे तयार साचे आले, आणि तिकडे ते जुने झाल्यावरही आपल्याकडे चालत राहिले.

मग ते आपले कसे झाले? मुंबईची टॅक्सी घ्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईत दिसेनाशी झाली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून, मोबाइलवरून हळहळ व्यक्त झाली ती काय त्या गाडीच्या मागच्या इटालियन कंगोऱ्यांसाठी? कोणीतरी बाहेरच्या मीटरची आठवण काढली, कोणी टपावरच्या कॅरिअरची, कोणी छताच्या फुलाफुलांच्या रेक्झिनची, डॅशबोर्डवरच्या साईबाबांची, स्टीअरिंगला गुंडाळलेल्या रंगीत वायरची. यातली एकही गोष्ट कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली नव्हती. रंगसुद्धा सरकारी नियमाचा. गाडी इटलीची, रंग नियमाचा आणि जीव टॅक्सीवाल्याचा. २०१५ मध्ये काही तरुण डिझायनरांनी मुंबईच्या टॅक्स्यांच्या आसनांसाठी आणि छतांसाठी कापडं रंगवली, त्यांना हे नेमकं उमगलं होतं: गाडी बदलायची गरज नाही, तिच्यात कुणालातरी काहीतरी करायला जागा असली की पुरे.

माझ्या प्रांतात, म्हणजे ट्रकच्या जगात, ही जागा फार मोठी होती. तुमच्यातल्या नव्या मंडळींनी कदाचित पाहिलं नसेल म्हणून सांगतो. ट्रक कारखान्यातून निघायचा तो ट्रक म्हणून निघायचाच नाही. निघायची ती चासी: इंजिन, चाकं, पाटे, पुढचा शो म्हणजे तोंडाचा पत्रा, आणि स्टीअरिंग. केबिन नाही, हौदा नाही, बसायला सीटसुद्धा नाही. लाकडी खोक्यावर किंवा फळीवर बसून, तोंडाला फडकं गुंडाळून आणि डोळ्यांवर गॉगल चढवून ड्रायव्हर ती चासी उन्हापावसात शेकडो किलोमीटर हाकत न्यायचा. पोचवायचा ती बॉडीवाल्याकडे. तमिळनाडूत नामक्कल, तिरुचेंगोडे, संकगिरी, पंजाबात सरहिंद ही मोठी नावं; आपल्याकडे पुणे, कोल्हापूर आणि जिल्ह्याजिल्ह्याच्या एमआयडीसीतले शेडवाले. तिथे सुतार, लोहार, वेल्डर, गादीवाला आणि शेवटी पेंटर असे पाच-सहा हात फिरून ट्रक पुरा व्हायचा. मालक महिनाभर तिथे चकरा मारायचा. कपाळ किती उंच, खिडकीवर कमान हवी का, मागे फाळक्याला किती कड्या, झोपायची फळी केवढी, हे सगळं त्याच्या मर्जीनं. केबिनच्या माथ्यावरचा चढ आणि कोरीव काम बघून बांधणी पंजाबची की तमिळनाडूची हे समोरून येणाऱ्याला एक मैलावरून कळायचं. चासी मात्र दोघांची एकच.

एसटीचंही तेच. चासी टाटाची नाहीतर लेलँडची, पण बॉडी महामंडळाच्या स्वतःच्या कार्यशाळांतली: दापोडी, चिकलठाणा, हिंगणा. लाल डबा म्हणून आपण ज्याला हसलो आणि ज्याच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, ते रूप कुठल्या परदेशी स्टुडिओतून आलेलं नव्हतं. ते आपल्याच फिटरांनी, आपल्या खड्ड्यांचा आणि आपल्या गर्दीचा अंदाज घेऊन बांधलेलं होतं. देखणं होतं का? नव्हतं. पण दुसऱ्या राज्याची बस बाजूला उभी राहिली की आपली लगेच ओळखू यायची.

पेंटरचं काम या साखळीत सगळ्यात शेवटी यायचं आणि त्याला नियमांचं कुंपणही असायचं. नॅशनल परमिटच्या ट्रकला कित्येक वर्षं नियमानंच रंग ठरवून दिलेला होता: सुकलेल्या पानाचा तपकिरी, कडेनं जाड पांढरा पट्टा. टँकर असेल तर पांढरा. दोन्ही बाजूंना परमिटची अक्षरं, क्षमता, रिकामं वजन, मालकाचा पत्ता. एवढं सक्तीचं लिहून झाल्यावर जी जागा उरेल ती आमची. त्या उरलेल्या जागेत कमळं आली, वाघ आले, हिमालय आला (काढणाऱ्यानं महाबळेश्वरच्या वर कधी पाहिलं नसलं तरी), मालकाच्या पोरांची नावं आली, ‘बघतोस काय, मुजरा कर’ आलं. ‘हॉर्न ओके प्लीज’ तर इतकं ठरलेलं होतं की ते लिहिताना पट्टीही लागायची नाही. महाराष्ट्रात २०१५ मध्ये परिवहन आयुक्तांनी त्या ओळीवर बंदी आणली, कारण ती हॉर्न वाजवायला चिथावते. ओळ गेली याचं मला वाईट वाटलं नाही. हॉर्न कमी वाजले असते तर आनंदच होता. वाजले नाहीत कमी, तो भाग वेगळा.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, हा म्हातारा आता लाकडी केबिन परत मागणार. मुळीच नाही. त्या केबिनचं टकरीत काय होतं हे क्रेननं ओढून आणलेल्या गाड्यांत मी बघितलं आहे, आणि त्याचं वर्णन इथे करणार नाही. देवाचं नाव लिहिलेलं कपाळ आणि त्यामागचा माणूस यांच्यात पातळ पत्र्याखेरीज काही नसायचं. शिवाय इंजिन केबिनच्या पोटात, त्याच्या झाकणावर क्लीनर झोपलेला. उन्हाळ्यात त्या केबिनमध्ये बसून विदर्भातून माल आणणं ही शिक्षाच होती. आज चाचणी झालेल्या पोलादी केबिनी येतात. साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना १ ऑक्टोबर २०२५ पासून केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. हे व्हायलाच हवं होतं, फार उशिरा झालं. या बदलानं माझं निम्मं काम गेलं असेल, तर जाऊ दे.

मोटारींचंही मला कळतं. बोनेट उंच आणि बोथट झालं कारण पायी चालणारा धडकला तर त्याचं डोकं आणि खालचं कठीण इंजिन यांच्यात अंतर हवं. काचेच्या बाजूचे खांब जाड झाले कारण गाडी उलटली तर छत डोक्यावर येऊ नये. दारं उंच आणि खिडक्या बारीक झाल्या त्यात बाजूच्या धडकेचा विचार आहे. समोरून आणि बाजूनं आदळवून बघण्याची चाचणी आपल्याकडे नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून सक्तीची झाली, आणि भारत एनकॅपची तारांकित चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. वाऱ्याचा अडथळा कमी करायचा तर छताची उतरण सगळ्यांची एकाच वळणाची होणार, कारण वारा सगळ्यांना एकच.

करही गाडीला आकार देतो हे तर तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचा उत्पादन शुल्क चोवीस टक्क्यांवरून सोळावर आला आणि तेव्हापासून आपल्या गाड्यांच्या शेपट्या छाटल्या जायला लागल्या. २००८ ची इंडिगो सीएस बघा. पहिली डिझायर चार मीटरहून लांब होती, २०१२ ची दुसरी ३९९५ मिलिमीटरची झाली. ब्रेझा ३९९५, व्हेन्यू ३९९५, सोनेट ३९९५. कारखाने वेगळे, देश वेगळे, पण मोजपट्टीवर सगळे एका आकड्याला चिकटलेले, आणि कराच्या रेषेपासून वाचवलेले ते पाच मिलिमीटर. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हाही ती रेषा चार मीटरवरच राहिली: आत अठरा टक्के, बाहेर चाळीस. त्यामुळे एवढ्यात तरी सुटका नाही. अमेरिकेतले लांब नाकाचे ट्रक बघून आपली पोरं हरखतात, तिथेही गोष्ट कायद्याचीच आहे. १९८२ च्या कायद्यानं मोठ्या महामार्गांवर ट्रकच्या एकूण लांबीची मर्यादा उठवली, मोजायची फक्त मागची ट्रेलर. मग नाक पुन्हा लांब झालं. युरोपात एकूण लांबीच मोजत राहिले, म्हणून तिकडचा ट्रक सपाट तोंडाचा राहिला, आणि आपलाही.

तर कायदा, कर, वारा आणि सुरक्षा ही चार कारणं मी मान्य करतो आणि बाजूला ठेवतो. त्यांच्या पलीकडे जे उरतं त्याचा जाब मात्र तुम्हाला द्यायला हवा.

उदाहरण म्हणून दिवेच घ्या. पूर्वी दिवा डिझायनरच्या हातात नव्हता. सात इंची गोल सीलबंद दिवा, पद्मिनीला तो, ॲम्बॅसिडरला तो, जीपला तो. फुटला तर कराडच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळायचा. तो बदलता येत नव्हता म्हणून त्याच्या भोवतालचं सगळं वेगळं करावं लागायचं: कुणी भुवई काढली, कुणी जाळी पसरली, कुणी नाक पुढे काढलं. आता एलईडी आला. तांदळाच्या दाण्याएवढा दिवा, पाहिजे तिथे बसवा, पाहिजे तो आकार द्या. आपल्या धंद्यात इतकं स्वातंत्र्य याआधी कुणालाच मिळालेलं नसेल. त्या स्वातंत्र्याचं तुम्ही काय केलंत? २०१९ मध्ये एकाच वर्षात हॅरियर, हेक्टर आणि व्हेन्यू आल्या, तिघींचंही तेच: वर बारीक पट्टी, खरा दिवा खाली बंपरात. मग सगळ्यांनी ते उचललं. पुढे कुणीतरी मागचे दोन दिवे एका लांब लाल पट्टीनं जोडले. नेक्सॉननं जोडले, थ्री-एक्सओनं जोडले, क्रेटानं जोडले, व्हेन्यूनं जोडले. आता रात्री घाटात पुढे चाललेल्या गाडीची एक आडवी लाल रेघ दिसते आणि ती कुणाची हे ड्रायव्हरनं ओळखायचं. हे ना कायद्यानं सांगितलं, ना वाऱ्यानं. शेजाऱ्याच्या वहीत डोकावून हे झालेलं आहे. वरून एका बाजूचा दिवा फुटला की अख्खा संच बदला. त्या बिलाचा आकडा ऐकून माझ्याकडे आलेली गिऱ्हाइकं काही वेळ बोलत नाहीत.

बलेनोवर दुसऱ्या कंपनीचा लोगो लावून ग्लान्झा विकली जाते, त्याबद्दल मी बोलत नाही. तो हिशेबाचा भाग आहे आणि त्यात तुमचा हात फारसा नसावा.

यावर तुमच्याकडचा एक उपाय मला दिसतो: जुनं रूप परत आणायचं. १९९१ च्या सिएराची मागची वळलेली, न उघडणारी मोठी काच ज्यांना आठवते त्यांच्यासाठी २०२५ मध्ये नवी सिएरा आली, आणि त्या काचेची आठवण राहील अशी तिची मांडणी केली आहे. २०२० ची थार जीपची आठवण विकते आणि खूप चांगली विकते. मला दोन्ही गाड्या आवडतात. पण हाही शेवटी वरून आलेला चेहराच, फक्त जुन्या अल्बममधून काढलेला. शिवाय चेहऱ्याची मालकी कुठे जाऊन पोचते ते रॉक्सरच्या प्रकरणात दिसलं. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून परवान्यानं जीप बांधणाऱ्या महिंद्रानं २०१८ मध्ये अमेरिकेत, मिशिगनमध्ये, रॉक्सर नावाची गाडी काढली. शेतावर, रानात वापरायची, रस्त्यावर न्यायची नाही अशी. जीपच्या मालकांनी तक्रार केली की हिचं एकूण रूपच आमचं आहे. जून २०२० मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगानं ते मान्य केलं, आणि महिंद्राला तोंडवळा बदलून आयोगाची परवानगी मिळवावी लागली. सपाट पत्रा, उभ्या बाजू, बोनेटचे कडीकोयंडे: आपल्याकडे गावोगावचे पत्र्याचे कारागीर वर्षानुवर्षं ज्या गोष्टी ठोकून बनवत आले, त्यांची मालकी तिकडे वकील सांगत होते. जुन्या रूपाच्या मागे लागलात तर शेवटी असल्या दारात उभं राहावं लागतं.

माझं म्हणणं साधं आहे. गाडीला वेगळेपण देण्याचं सगळं ओझं तुम्ही एकट्यानं घेतलंय आणि ते तुम्हाला झेपत नाहीये. पूर्वीही कुणा एकाला झेपलं नव्हतं. तेव्हा मूळ साचा ओबडधोबड होता, त्यात सपाट जागा उरायची आणि ती गाडी वापरणारा भरायचा. आता तुम्ही एक वितभर जागाही मोकळी सोडत नाही. दार म्हणजे तीन घड्या, एक खळगा आणि खाली काळं प्लास्टिक. त्यावर ‘सौ. शांताबाई’ लिहायला घेतलं तर ‘शां’ घडीच्या वर राहतो आणि ‘बाई’ खळग्यात जाते. ट्रकचं कपाळ गेलं, तिथे वारा कापणारा फुगीर टोप आला, दोन्ही दिशांनी वळलेला. त्यावर सरळ ओळ लिहिली तरी खालून ती हसल्यासारखी दिसते.

हे कारखान्यातल्या गाडीत शक्यच नाही असं म्हणू नका. २००० सालची बोलेरो बघा, आणि तिची पिकअप. टाटांचा २००५ चा ‘एस’, ज्याला सगळा महाराष्ट्र छोटा हत्ती म्हणतो. दोन्ही पुऱ्या कारखान्यातल्या, पण पत्रा सरळ आणि बाजू उभ्या. बाजार समितीच्या आवारात पहाटे गेलात तर सगळ्यात नटलेल्या गाड्या याच असतात. कांदेवाल्याची वेगळी, फुलवाल्याची वेगळी, मासळीवाल्याची वेगळी. दहा पिकअप ओळीनं उभ्या असल्या तरी प्रत्येकाला आपली सापडते. दुसरं उदाहरण उसाच्या ट्रॉलीचं. गाळपाच्या हंगामात माझं निम्मं काम ट्रॉल्यांवर चालतं, कारण ट्रॉली अजून गावातला वेल्डर बनवतो आणि तिच्या मागच्या पत्र्यावर कुणाचं डिझाइन नसतं.

कायद्याचीही एक बाजू आहे, ती लपवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ रचनेत बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते अधिक घट्ट केलं. पुढच्या लोखंडी गार्डांवर डिसेंबर २०१७ पासून कारवाई आहे. नंबरप्लेटवर ४१४१ चं ‘दादा’ आणि ४९१२ चं ‘पवार’ करणारे आमचे भाऊबंद हाय सिक्युरिटी प्लेट आल्यावर बसले. यातलं बहुतेक मला मान्य आहे. ‘दादा’ वाचून गाडी पळवणाऱ्याचा नंबर कुणाला सांगता येतो? पण याचा अर्थ असा की मालकाला बाहेरून काही जोडायची, कापायची, वाकवायची सोय आता उरलेली नाही. जी काही जागा मिळायची ती तुम्ही कारखान्यातच ठेवली तर मिळणार. म्हणून आरटीओला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

तुमच्या संस्थांतले विद्यार्थी अधूनमधून आमच्याकडे येतात. गोड पोरं असतात, फोटो काढतात, अक्षरांची वळणं वहीत उतरवून घेतात. नंतर तीच कमळं आणि तेच मोर उशांच्या अभ्र्यांवर आणि कॉफीच्या मगांवर ‘ट्रक आर्ट’ म्हणून विकायला असतात. ते विकायला माझी हरकत नाही. पण मोर ट्रकवर बसावा एवढी जागा ट्रकवर का नाही, हा प्रश्न त्यातल्या कुणीतरी नोकरी लागल्यावर मीटिंगमध्ये विचारावा.

आणि रंगाचं एक. ट्रक पांढरा, पिकअप पांढरी, टुरिस्टची गाडी पांढरी, साहेबाची मोती-पांढरी आणि त्याच्या मुलाची करडी. पांढरा उन्हात कमी तापतो आणि विकताना भाव देतो, मान्य. मग निदान गाडीचा एखादा भाग, मागचा दरवाजा म्हणा, वेगळ्या रंगात घ्यायची सोय कमी किमतीच्या गाड्यांतही द्या. महागड्या मॉडेलांना काळं छत देताच की.

ट्रकच्या केबिनवर, काचेच्या वर किंवा दारावर, दीड फूट बाय चार फूट सपाट जागा सोडा. वारा थोडा अडेल, वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचणीत आकडा केसभर घसरेल, त्याचा जाब द्यायला तुमच्यासोबत मी येतो. पिकअपच्या फाळक्यावर कंपनीचं नाव हातभर अक्षरांत पत्र्यातच ठोकून काढायची जी नवी पद्धत आली आहे ती बंद करा. नाव स्टिकरनं लावा, ते काढता येतं. आणि बंपर, टोप, दाराच्या खालच्या पट्ट्या यांच्यासाठी तुम्ही जे प्लास्टिक वापरता, त्यावर साधा इनॅमल पहिल्या पावसात पापुद्रे होऊन सुटतो. प्रत्येक प्लास्टिकचा प्रायमर वेगळा असतो, हे तुमच्या रंगखात्याला माहीत असतं, आम्हाला गिऱ्हाइकाच्या शिव्या खाऊन कळतं. कुठल्या भागाला कुठला प्रायमर धरतो याचं एक पान मालकाच्या हँडबुकात छापा, शक्य असेल तर मराठीतही.

कळावे,
आपला,
महामार्गावरचा एक पेंटर